माझं सोंग

— न्हाई, उठू नगंस आता. दूध ठेवलंय चुलीवर, ते पिऊनच जा, आन् काढलीस ती गोष्ट पुरी कर. काय म्हणालीस — "तुम्हाला मी आधीपासून ओळखते, काकू"? कशी वळखतीस गं? आज पयल्यांदा वेल्ह्यावरनं चढून हितं आलीस. शाळंतल्या पोरांच्या मनातलं ऐकायला विद्यापीठानं धाडलंय म्हणालीस, दिपाली नाव सांगितलंस, माझ्या लेकीच्या, प्रांजलच्या वर्गातली म्हणालीस, म्हणून बस म्हणलं. आन् आता म्हणतीस, वर्गात प्रांजलनं माझं सोंग घेतलं आन् तू माझी डाक्टरीण झालीस — बरं, डाक्टरीण न्हाई, समुपदेशक. शिकायची रीतच हाय म्हणं, एकीनं दुखणं सांगायचं, दुसरीनं ऐकायचं. आसंल रीत. पर दुखणं माझं आन् मलाच पत्ता न्हाई? तिकडं वर्गाफुडं खुर्चीत बसले व्हय मी — आन् हितं कोण शेरडं राखत व्हतं मग?

सांग की, काय म्हणाले मी. — "लेकीची आठवण येते का," तू इचारलंस, आन् मी म्हणाले, "मला शेरडं हायेत की." आन् समदी हसली. हसणारच. पदर बी खोचला आसंल तिनं माझ्यावानी, नाक बी वढलं आसंल, व्हय ना? नुसती मान हलवू नगंस. म्हणाले आसंन मी तसं कवातरी, तोंडानं माणूस काय बी म्हणतं. धा वर्साची व्हती तवा भोरला वसतिगृहात सोडली तिला, आन् मागं वळून बघितलं न्हाई, ते बी सांगितलं आसंल. सांगितलं ना? मग म्होरलं कोण सांगणार — तिला ठाव आसंल तर सांगंल. दर बाजाराला शेरडू घिऊन भोरला उतरायची मी, आन् ते इकलं का तशीच जायची वसतिगृहाच्या भिंतीपल्याड, चिंचंखाली. ती पोरींत खेळायची. वेणी वाकडी. हाक न्हाई मारली. मारली असती तर पदर धरून आली असती मागं, आन् हितं काय व्हतं, शाळा न्हाई, रस्ता न्हाई — न्हाई, खोटं कशाला बोलू, मीच आणली असती तिला. म्हणून तोंड दाबून उभी ऱ्हायची. हे तिच्या सोंगात नव्हतं ना? — लिहू नगंस हे कुठं. गप बसून बसून माणसाच्या तोंडातनं काढून घेता व्हय गं तुमी? दोन वर्सं हेच शिकवत्यात?

आन् मघाशी चुकून बोललीस ते बी ऐकलंय म्या. वेल्ह्याची शाळा तिच्याच वाट्याला आली व्हती. तिनं तुझ्याशी बदलून सारोळ्याची घेतली. लोकाच्या लेकराचं मन ऐकायला सारोळ्याला जाती, आन् आईच्या दारात दुसरीला धाडती. लई राग आलाय मला. तुझा बी आलाय.

बरं, आता माझं ऐक. त्या दिशी ती मी झाली, आज तू ती हो. सरक तिकडं, त्या पाटावर. तिची जागा ती. बसलीस? — तर प्रांजल, तुझी वाकळ उन्हात घालून ठेवलीया. सारोळं काय लांब न्हाई. एका रातीला तरी यावं. का येत न्हाईस गं?

बोल की.

बोल — तू वळखतीस ना तिला बी, मला वळखतीस तशी? डोळं पुसू नगंस, ती रडत न्हाई माझ्यासमोर. ती अशीच... हां, अशीच खाली बघत बसती.

दूध उतू गेलं बघ. ऱ्हाऊ दे, हात नगं लावूस, माझी चूल हाय. ऊठ. उतरून जा दिवस हाय तवर. आन् म्हणावं तिला, पुन्यांदा माझं सोंग घ्यायचं आसंल, तर चिंचंपास्नं घे. जा.