रुंद टायर आणि मंजिरी

एक सांगतो, गाडीला नवे टायर बसवताना बायकोला सोबत नेऊ नका रे! मी माझ्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारला मागे रुंद टायर बसवायला गेलो होतो. बिबवेवाडीतले आमचे टायरवाले सलीमभाई आधीच म्हणाले, "साहेब, दिसतील भारी, पण वजन पडलं की मडगार्डला घासतील."

"बसवा हो, बघू," मी म्हटलं.

बसवले. एकट्याने मार्केट यार्डापर्यंत चक्कर मारून आलो. लोक वळून वळून बघत होते, मी एकदम खूश. मग मंजिरीला शेजारी बसवून निघालो, तर पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून खर्रर्र! दुसऱ्यावरही तेच. दुकानात परत आलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सलीमभाई, मी एकटा होतो तेव्हा नव्हता हो घासत!"

मंजिरीने अगदी शांतपणे विचारलं, "म्हणजे?"

मी मदतीसाठी सलीमभाईंकडे पाहिलं. ते पाना पुसत छताकडे बघत होते.

"उतर," ती म्हणाली. मी उतरलो. ती स्टिअरिंगवर बसली आणि एकटीच निघून गेली. अर्धा तास झाला तरी पत्ता नाही, फोनही उचलेना. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी आली, केस विस्कटलेले, चेहरा फुललेला.

"कात्रजला जाऊन आले. एकदाही घासला नाही."

"मग आता करायचं काय, सलीमभाई?" मी विचारलं.

उत्तर तिनेच दिलं, "काही नाही. तू रिक्षाने ये."