बाराच्या आधीची उडी

(फिलिपिन्समधलं इलोइलो शहर. वर्षाचा शेवटचा दिवस, दुपार. नव्या वर्षाला गोल आकार शुभ मानतात, म्हणून आजी टेबलावर गोल गोल फळं मांडतेय. तिची मुलगी रोसेल आणि नात अमिहान नुकत्याच दवाखान्यातून आल्यात.)

आजी – ते काही नाही. बाकीची पोरं मारू देत उड्या. तू बसून टाळ्या वाजवायच्या.

अमिहान – लोला आजी, रात्री बाराच्या ठोक्याला उडी मारली की उंची वाढते, तूच सांगितलंस ना?

आजी – मग गेल्या वर्षी काय झालं? उंची राहिली बाजूला, मनगट मोडून बसलीस.

रोसेल – आई, मनगट छान जुळलंय. डॉक्टरीणबाईंनी बघितलं.

आजी – जुळणारच. जाड हाडाची आहे, माझ्यावर गेलीय.

रोसेल – हाड जाड आहे, पण त्याला पेलायचं वजन त्याहून जास्त, म्हणाल्या. आणि अंगावरची चरबी नुसती बसून नसते म्हणे. हार्मोन सोडते, हाडांना घाई लावते. आज वर्गात सगळ्यांत उंच आहे, पण वाढ लवकर थांबू शकते.

अमिहान – म्हणून तर उडी मारायचीय मला.

आजी – म्हणजे सणासुदीला पोरीला उपाशी ठेवायचं?

रोसेल – उपास नकोच म्हणाल्या. भात थोडा कमी, सरबत बंद, छोटे मासे काट्यांसकट. आणि ऊन. ड जीवनसत्त्व फार कमी निघालं.

आजी – उन्हात काळी पडेल ती.

अमिहान – पडू दे की.

रोसेल – तू शाळेपर्यंत छत्री धरतेस, तेही सांगितलं. हसल्या. त्यांची आईही धरायची म्हणे.

आजी – चुगली करून आलीस तर. बरं, उड्यांना तरी नाही म्हणाल्या असतील.

रोसेल – उलट. पाय जमिनीवर आपटले की हाड घट्ट होतं म्हणाल्या. फक्त गेल्या वर्षीसारखं बाकावरून नाही, जमिनीवरच. आणि वर्षातून एकदा नाही, रोज.

आजी – रोज? आणि मी वर्षभर हिला जपून बसवून ठेवलं. वाईट वाटतंय गं मला.

अमिहान – मला नाही वाटत. तूपण बसायचीस ना शेजारी.

आजी – जा, रात्रीसाठी काढून ठेवलेला तो गोल ठिपक्यांचा फ्रॉक घालून ये.

अमिहान – आत्ता? बारा वाजायला अजून खूप वेळ आहे.

आजी – बाराची उडी उंचीसाठी. ही हाडांसाठी. चल अंगणात, ऊन आहे तोवर.

अमिहान – छत्री आणू?

आजी – राहू दे दारामागं.