दोन रिमा हव्या होत्या

...आणि वर सायकलच्या दुकानातली ती मार्लिस मलाच विचारते, "रुंद म्हणजे नक्की किती रुंद?" आता मी काय सांगणार? तुम्हाला सांगतो, बेचाळीस वर्षं सायकल चालवतोय, आमच्या ला क्रॉस गावाच्या आसपासचा एक चढ सोडला नाही, पण रिमची रुंदी मला जन्मात कुणी विचारली नव्हती! दोन रिमा हव्या होत्या हो मला. दोन!

झालं काय, हातांना मुंग्या यायला लागल्या. बारीक टायर, उखडलेले रस्ते... दहा मैल झाले की बोटं परक्याची. डॉक्टर म्हणाले, "रुंद टायर घाला, नाहीतर सायकल बंद." आमचा ड्वेन, शेजारी आणि दर रविवारचा जोडीदार, तो लगेच, "टांग रे ती भिंतीवर! डिस्क ब्रेकवाली नवी घे!" भिंतीवर? अहो, ती सायकल माझ्या भावानं, लोवेलनं, गॅरेजमध्ये बसून एकेक नळी सांधून केलेली. त्याच्या हातची शेवटची. जाण्याआधी म्हणाला होता, "स्टॅन, टांगलीस तर याद राख." नुसत्या विचारानं रडू येतं मला, चेष्टा नाही करत.

रुंद टायरला रिमही रुंद लागते, तर गेलो दुकानात. मार्लिसनं जुन्या रिमवरून अंगठा फिरवला. "ही रिम आहे की बशी?" खरंच होतं, ब्रेकची रबरं घासून घासून पार खोलगट झालेली. "आणि रिमवर ब्रेक लागणाऱ्या रिमा आता करतंय कोण, स्टॅन? सगळं जग डिस्कवर गेलं!" मग काय, सात महिने मी इंटरनेटवर. तिथे रिम आतून किती रुंद यावरून एकोणीस मिलिमीटरवाले आणि एकवीसवाले एकमेकांच्या हातचं पाणी पीत नाहीत! एकमत फक्त एकाच गोष्टीवर, "ट्यूबलेस घ्या." म्हणजे ट्यूब नाहीच, टायरमध्ये पांढरा चीक ओतायचा, भोक पडलं की तो आपला आपण बुजवतो. माझी बायको करिन जेवताना म्हणते, "माझ्याशी लग्न ठरवायला तुला तीन आठवडे पुरले होते." पुरले! तेव्हा मोजायचं काही नव्हतं! आणि हव्या किती होत्या? दोन रिमा!

शेवटी निवडल्या. व्हर्नियर लावून. ब्रेक पूर्ण उघडला की दोन रबरांमध्ये एकोणतीस मिलिमीटर. रिम बाहेरून सव्वीस. टायरवर छापलंय अठ्ठावीस. बसतंय की नाही? तुम्हीच सांगा! मार्लिसनं चाकं चढवली, हवा भरली, मी निघालो आणि... आहाहा! लोण्यावरून चालल्यासारखं! दहाच्या दहा बोटं माझी! मार्लिस मागून काहीतरी ओरडत होती, पण ऐकतो कोण.

रविवारी सकाळी ड्वेनची गाडी दारात. आमच्या टोळक्याची राइड सुटते कून व्हॅलीच्या चर्चपासून, पंधरा मैल लांब, आणि ड्वेनच्या टपावरच्या कॅरियरला सायकल लावायची तर पुढचं चाक काढावं लागतं. गेलो काढायला. निघेना! ब्रेक उघडला. तरी निघेना! का, तर रुंद रिमवर अठ्ठावीसचा टायर फुगून होतो साडेतीस! मार्लिसनं आधी चाक आत घातलं होतं, हवा मग भरली. पलंग खोलीत मावतो हो, दारातून जात नाही! ड्वेन म्हणतो, "मग हवा सोड की, त्यात काय!" सोडली. टायरची कड सुटली आणि फस्स... सगळा चीक ड्वेनच्या नव्या बुटात. आता ती कड परत बसवायला लागतो कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसर मार्लिसकडे, आणि रविवारी दुकान बंद! सोमवारी ती शांतपणे, "चाक काढू नका, हेच तर ओरडत होते मी." दोन रिमा हव्या होत्या मला...

तेव्हापासून दर रविवारी मी घरूनच सायकलवर निघतो. पंधरा मैल, दोन चढ, आणि वारा... वारा कायम समोरून. मी पोचतो तेव्हा हे सगळे आंघोळ करून आल्यासारखे ताजे, ड्वेन म्हणणार, "चला, स्टॅन आला, सुरू करूया." सुरू? माझं संपलेलं असतं! करिन म्हणते, "अरे, चाक न काढता लागेल असा दुसरा कॅरियर घे." बाई गं, रिमांना सात महिने लागले, कॅरियर निवडायला बसलो तर चाकाआधी मीच निघेन!

पण सायकल भिंतीवर नाही, हं. लोवेलला तोंड दाखवायला जागा आहे मला. परवा डॉक्टरांनी विचारलं, "काय, हातांच्या मुंग्या?" म्हटलं, गेल्या हो. पार गेल्या.

पायात आल्या.