वर चढायचा खर्च

...नाही, पण उकडलेली अंडी? रोज? माणशी दोन? अहो, बारा वर्षं मी ह्या मालाडच्या बालवीर फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी, बारा वर्षं आम्ही थर्ड डिव्हिजनमध्ये, आणि तुम्हाला सांगतो, ह्या बारा वर्षांत आमच्या पोरांना हाफटाइमला काय मिळायचं? अर्धं लिंबू! तेही मी घरून न्यायचो, हिची नजर चुकवून! आणि गेल्या साली एकदम अंडी? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

अंडी कोणाची, तर माणिकशेठची. लाद्यांचा कारखाना आहे त्यांचा. टीव्हीवर मेक्सिकोचा वर्ल्ड कप बघितला आणि आले ना क्लबात! ‘‘अण्णा, तुम्ही लोक वर का नाय चढत? पैसा ओता ना यार! मी ओततो. ह्या साली बालवीर सेकंड डिव्हिजनमध्ये, लिहून घ्या!’’

आता हा माणूस पैसा का ओततोय? मैदानावर डोळा? मैदान म्युनिसिपालटीचं! इलेक्शन? ते कालपरवाच झालं! कारणच सापडेना हो... म्हणजे कारण केवढं मोठं असेल, विचार करा! पाल चुकचुकली.

पण बोललो का मी? नाही बोललो. कारण मला वर चढायचं होतं हो! लीगच्या हापिसात शिरलो की तिथला शिपाईसुद्धा म्हणतो, ‘‘या, थर्ड डिव्हिजन, बसा!’’ मला नाव आहे की नाही? बारा वर्षं हे ऐकायचं?

मग काय, गोव्याहून सेंटर फॉरवर्ड आला, कलकत्त्याहून कोच आला, आमची जुनी पोरं बसली बेंचवर अंडी सोलत! सेंटर फॉरवर्ड काय झकास दिसायचा... केस असे, मागे वळवलेले. हेड मारायला सांगा, म्हणायचा, ‘‘अण्णा, हेडचं ठरलं नव्हतं.’’ कधी जिंकलो, कधी बरोबरी, रडतखडत शेवटच्या मॅचला पोचलो. समोर मढची कोळ्यांची टीम. जो जिंकेल तो वर. आणि त्यांचा खर्च? शून्य! पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर, हात रिकामे, म्हणून खेळायचे. पण काय खेळायचे! सगळ्यांना लोळवलं होतं. म्हटलं, वाट लागली आपली.

मॅचच्या दिवशी मैदानात गुडघाभर पाणी. मॅच पुढे ढकलली. आठ दिवसांनी गेलो, आमची अकरा पोरं उभी, आणि समोर... कोणीच नाही! पंधरा मिनिटं थांबलो. रेफ्री म्हणाला, ‘‘शास्त्रापुरता एक गोल मारा, वॉकओव्हर देतो.’’ सेंटर फॉरवर्ड ऐटीत पुढे आला, रिकामा गोल, गोलकीपरसुद्धा नाही, आणि ह्या गृहस्थानं बॉल घातला बारवरून! शिट्टी वाजली. बालवीर सेकंड डिव्हिजन! पोरांनी मला खांद्यावर घेतलं, माझे डोळे भरून आले... आणि तिथेच, खांद्यावर, पाल चुकचुकली. एवढी तगडी टीम येत नाही? शेठनी चारले पैसे! नक्की चारले!

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, बस पकडून मढ गाठलं. त्यांचा कॅप्टन अंबादास, त्याची आई मथुरा, बाजारात मासे विकते. तिला म्हटलं, ‘‘खरं सांग बाई, किती दिले?’’ ती कोयता तसाच हातात धरून उठली. ‘‘कोनी काय दिला? नारली पुनव झाली, नारल वाहिला, पोरां गेली दर्यान! पोरां बॉल खेलत बसली तर म्हावरा कोन आनंल, तू?’’

म्हणजे शेठ निर्दोष! अंडी फुकट, कोच फुकट, आम्हाला वर चढवलं ते पौर्णिमेनं! सत्कारात शेठ छाती फुगवून म्हणतात, ‘‘बघितलंत अण्णा? पैसा बोलतो! पुढच्या साली डबल!’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पण तुम्हाला सांगतो, माझा पैशावर काडीचा विश्वास नाही. म्हणून कालच लीगच्या हापिसात गुपचूप अर्ज देऊन आलोय, की सेकंड डिव्हिजनमध्येही आमची शेवटची मॅच कुठल्यातरी कोळ्यांच्या टीमबरोबरच ठेवा... आणि नारळी पौर्णिमेनंतर ठेवा.