नातीने नको म्हटले होते, त्याबाबत

नाव : कागदावरच्या नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे काजवाली आजी म्हणतात. वय : सत्तरीच्या पुढे, नेमके सांगणारे कोणी उरले नाही. धंदा : शिंप्याकडचे कपडे घरी आणून काज-बटण करणे. राहणार : शिंप्याच्या दुकानामागची खोली. शिक्षण : नाही.

मी स्वतः ठाण्यात येऊन, कोणी शिकवले-पढवले नसताना सांगते की, वरील खोलीत मी, माझा मुलगा व त्याची मुलगी असे राहतो. मुलगा ट्रक चालवतो. सून हयात नाही. नात कॉलेजात इमारतींचे नकाशे काढायला शिकते. त्यासाठी लॅपटॉप लागतो. तो नसल्याने ती मैत्रिणीकडे जाऊन, मैत्रिणीचे काम उरकेपर्यंत थांबून, मग बसते.

गेल्या सोमवारी माझ्या मोबाईलवर निम्म्या किमतीत लॅपटॉप अशी जाहिरात आली. नातीने ती वाचून दाखवली व मला म्हणाली, "आजी, असंच फसवतात बघ. एवढा स्वस्त, वर म्हणे शेवटचा एकच उरलाय. दुकानाचा पत्ता नाही आणि पैसे आधी. वस्तू हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आणि मेसेजमध्ये आलेला नंबर तर कुणालाच सांगायचा नाही." मी म्हणाले, "बरं, मास्तरीणबाई." हे तिने आधीच सांगितले होते, घटना घडल्यावर नव्हे. हे नीट लिहून घ्यावे.

ती कॉलेजला गेल्यावर मी जाहिरातीतल्या फोनच्या चित्रावर बोट दाबले. एक माणूस बोलला. त्याने मला आजी म्हटले व गुडघे कसे आहेत विचारले. माझ्या मुलाने हे बऱ्याच दिवसांत विचारलेले नाही. हे वाक्य गाळू नये.

मी घासाघीस केली. तो लगेच खाली आला. खरा दुकानदार आधी तोंड वाकडे करतो, तेव्हाच मला कळायला हवे होते. हात लावून पाहिल्याशिवाय मी जन्मात वीतभर कापड घेतले नाही. लॅपटॉप मात्र कानाने घेतला.

मला अक्षरे येत नाहीत, आकडे येतात. फोन लावता यावा म्हणून नातीने जमिनीवर बटणे मांडून ते शिकवले आहेत. त्याने मागितले म्हणून बँकेच्या कार्डावरचे व मेसेजमधले आकडे मी त्याला एकेक करून वाचून दाखवले. तो म्हणाला, "वा आजी, चष्मा न लावता?" मला बरे वाटले. त्यानंतर त्याचा फोन लागलेला नाही. लॅपटॉप आला नाही. खात्यात नातीच्या फीसाठी ठेवलेले पैसे होते, ते सगळे गेले.

मुलगा घरी आल्यावर नातीला म्हणाला, "हिला आकडे शिकवायची हौस तुलाच होती ना? आता कॉलेज बंद. बस शिंप्याकडे." तिने मला आधीच नको म्हटले होते, हे नातीने त्याला सांगितले नाही. का, ते मी तिला विचारलेले नाही. तिने बटणांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. माझा हात तिथे पोचत नाही. आकड्यांनंतर त्याच बटणांनी अक्षरे शिकायला घेतली होती, त्यातली दोनच झाली होती.

त्या माणसाचा शोध घ्यावा. सापडल्यास गुडघे तसेच आहेत म्हणून सांगावे. पैसे मिळाल्यास फी भरावी.

मुलगा आता बाहेर बाकावर बसला आहे. घरी मी हा विषय काढला की तो उठून ट्रक धुवायला जातो. इथून त्याला उठता येणार नाही, मला परत न्यायचे आहे. म्हणून दार उघडे ठेवून हा जबाब मोठ्याने वाचावा, अशी माझी विनंती आहे.

जबाब दार उघडे ठेवून मोठ्याने वाचण्यात आला. नातीने काय सांगितले होते तो भाग मुलाने आत येऊन पुन्हा वाचायला लावला, म्हणून तेवढा दोनदा वाचला. दोन्ही वेळा तो मी सांगितला तसाच होता.

डाव्या हाताचा अंगठा.