करुणाबाईंची नक्कल

— हसू नका हो वहिनी, तोंडावरचा पॅक तडकेल. पण खरं सांगा, नक्कल झक्क झाली ना? पालकसभेत तुम्हीच तर हसून हसून डोळे पुसत होतात! शाळेतल्या करुणाबाई आपल्या समजावतायत — मुलांना शरीराचं शिक्षण द्या, कुणाला कोण आवडतं यात लाज कसली — आणि मी उठले मागनं. ओढणी त्यांच्यासारखी गळ्यात, चष्मा नाकावर — 'पालकहो, उद्यापासून बांगडा बांगड्याशी, सुरमई सुरमईशी, आपण फक्त अक्षता टाकायच्या!' — मेलं सगळं सभागृह लोळलं. मुख्याध्यापकांनी बाईंचा तो तासच रद्द केला. आणि बाई? माझ्याकडे बघून हसल्या. ते डाचलं मला.

घरी आले तर ऋतिका जेवेना. काय गो, म्हटलं, बारावीचं टेन्शन? तर म्हणते, 'आई, मला मुलगी आवडते. बाईंना दिवाळीतच सांगितलंय. त्या म्हणाल्या, आईला सांग, ती समजून घेईल.' — दिवाळीत! आता शिमगा आला, वहिनी! मुलगी आवडते, ते — ते बघू. हे बोटीवरनं आले की ओरडतील, मी आहे ना मध्ये. पण आधी बाईंना का? कोण त्या? तापात मांडीवर कुणी घेतली हिला — बाईंनी?

काल बाईंच्या घरी भांडायलाच गेले. पडवीत माझी लेक बसलेली, घावन खातेय, खदाखदा हसतेय. आमच्याकडे घावन केले की 'भूक नाय'. बाई म्हणाल्या, 'या ना, शकूताई.' मला बघितलं आणि पोरीचं हसूच गेलं. आणि मी — एवढी तोंडाळ मी — काय बोलले असेन? 'भुवया करायच्यात का, विचारायला आले.' हो, असंच बोलले!

येताना बरोबर आली. शेवटी मीच विचारलं — कोण गो ती? नाव तरी सांग. तर म्हणते, 'कशाला? पुढच्या सभेत तिची नक्कल करशील.' म्हटलं, बाईंना माहितीय नाव? 'हो.' — हो म्हणाली, वहिनी. सरळ. माझ्या पोटच्या पोरीच्या मनात कोण आहे, ते त्या बाईला माहीत, आणि मी —

काय बघता अशा? कुठं बोलू नका हां. उठा, पॅक धुवा. नळ तिकडे आहे.