कोलाजमधला हात

– नाही हो, डोकं नका शिणवू, समजण्यासारखं काही नाहीये त्यात. मी अर्धा तास झाला या बाकावर बसलेय, मला विचारा. ते वर फुटबॉलवाल्याचं डोकं, खाली धड पोहणाऱ्या बाईचं, मध्येच टेनिसची जाळी – का? तर का नाही. रद्दीत द्यायच्या कागदांवर कात्री चालवली की हल्ली कला होते. माझ्या भाचीनं केलंय हे – सख्ख्या भाचीनं, ताईच्या मुलीनं – म्हणून या प्रदर्शनाला आले, नाहीतर मी आणि चित्रं? बत्तीस वर्षं शाळेत खेळ शिकवतेय मी, कुणी असली चिकटवाचिकटवी केली असती तर मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या असत्या. – कोणता, तो उजवीकडचा काळा-पांढरा हात? नजर चांगली आहे तुमची. माझा आहे तो.

हसू नका, खरंच माझा. रिले शर्यत होती, चौघींची. तिसरी मी, शेवटची ताई. मी पळत आले, बॅटन दिलं आणि ताईच्या हातून ते पडलं – म्हणजे पेपरात तसंच छापून आलं, याच फोटोखाली. त्याच दिवशी राज्याच्या संघाची निवड होती. मला घेतलं, तिला नाही. त्या जोरावर मला नोकरी लागली, आणि तिनं बूट माळ्यावर टाकले ते टाकलेच. घरात पुढं तो विनोदच झाला – ताई कपबशी घेऊन निघाली की कुणीतरी म्हणायचं, सांभाळ गं, पडेल. सगळे हसायचे. मीही हसायचे. मीच जरा जास्त हसायचे.

आता या बाईसाहेबांनी काय केलं, तर फोटोतून स्वतःच्या आईलाच कापून टाकलं. राहिला नुसता माझा हात, एवढा मोठा करून, आणि पुढं हवेत बॅटन. बोटं उघडी दिसतात ना? फोटोत तसं दिसतं हो, कोनाचा फरक असतो. – नाही, ताईचा हात तेव्हा लांब होता, वीतभर तरी – म्हणजे असणार. मला काय माहीत, मी पळत होते. शेवटचा टप्पा खरं तर माझा होता, तुम्हाला सांगते, घड्याळ लावून बघितलं होतं, मी तिच्याहून वेगवान. पण सरांनी तिला दिला. का? मोठी म्हणून, शांत म्हणून. सकाळपासून माझं डोकं फिरलेलं. तिनं मागं हात केला, मला दिसत होतं अजून पोचलेलं नाही, आणि मी – सुटलं. सोडलं म्हणा. काय फरक पडतो, चौतीस वर्षं झाली.

मघाशी भाचीला चेष्टेनं म्हटलं, अगं, आईलाच उडवलंस? ती नखांतला गोंद खरवडत होती. वर न बघताच म्हणाली, “मी नाही गं मावशी. आईच म्हणाली, माझा हात काढून टाक, मावशीचा तेवढा ठेव. बघण्यासारखा तोच आहे.”

म्हणजे तिला पहिल्यापासून – आणि एक शब्द नाही हो. माझ्या दोन्ही बाळंतपणांना आली, आईच्या उशाशी आम्ही दोघी महिनाभर बसलो, आणि ते कपबशीचं हसणं – ती पण हसायची की. कशी हसायची? तुम्हीच सांगा, एवढं माहीत असताना माणूस – बरं, सांगू नका. तुमचा माझा काय संबंध, मी तरी का बोलतेय एवढं. ती बघा, दारात, काठी टेकत येतेय. उठा तुम्ही. उठा हो, चित्रं तिकडेही आहेत, तिला बसू द्या इथं.

ये ताई. – हो. बघितला.